मनी प्लांटच्या बुडाशी साचलेलं पाणी

आधी खालांचं सांगते. त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. सगळी बिल्डिंग त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणते, म्हणून मीही म्हणते. त्यांनी त्या उन्हाळ्यात आमच्या हॉलमधल्या कुंडीत हात घातला नसता, तर आज मी सोलापुरात नसते. माझ्या मनात त्यांच्याविषयी जे आहे ते नीट लिहिता येईल की नाही ठाऊक नाही, कारण ती गोष्ट आठवली की आधी मळमळायला लागतं.

मी कोकणातली. आमच्याकडे झाडाला कुणी पाणी घालत नाही. झाडं बाजूला सारून वाट काढावी लागते. आठवीनंतर माझी शाळा सुटली. पुढची शाळा खाडीपलीकडे, जायला होडी होती, पण घरच्यांची इच्छा नव्हती. अठरा पूर्ण झाल्यावर ओळखीतून या घरी आले, आजींना सांभाळायला. आजी म्हणजे या घरच्या काकूंच्या सासूबाई, मूळच्या वैरागकडच्या. काकांचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना. ते सकाळी जातात ते जेवायलाच येतात. काकूंनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, की घर नीट सांभाळलंस तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवीन. असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी घाबरूनच राहिले. काचेचा पेला धुतानासुद्धा मला वाटायचं, हा फुटला की दहावी गेली.

काकूंच्या हॉलमध्ये मनी प्लांट होता. सोफ्याच्या कोपऱ्यातल्या चिनी मातीच्या मोठ्या कुंडीतून निघून, खिळ्यांना बांधलेल्या दोऱ्यावरून टीव्हीच्या वर, तिथून गॅलरीच्या दाराच्या चौकटीवर आणि बाहेर ग्रिलपर्यंत. येणारा प्रत्येक पाहुणा आधी वेलाचं कौतुक करायचा, मग पाणी मागायचा. काकूंची समजूत अशी, की हा वेल आल्यापासून कारखान्याला बरे दिवस आले. माझ्याआधी जी बाई होती तिच्या हातून गॅलरीतली तुळस वाळली, तर काकूंनी तिला त्याच आठवड्यात घरी पाठवलं होतं. हे मला आजींनीच सांगितलं. "झाड वाळवलं की गेली बग बाई. लई कडक हाय माजी सून."

एप्रिलमध्ये काकू लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या. जाताना मला दोन गोष्टी बजावल्या. आजींची गोळी चुकवायची नाही आणि वेलाला पाणी कमी पडू द्यायचं नाही.

आता पाण्याचं. इथे नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं. आलं की बिल्डिंगभर भांड्यांचा आवाज सुरू होतो. आणि नवं पाणी भरण्याआधी जुनं पाणी शिळं झालं म्हणून ओतून टाकतात. पिंप, बादल्या, कळशी, सगळं. मला पहिल्यांदा हे बघून कसंतरीच झालं. चार दिवस जपून जपून वापरायचं आणि पाचव्या दिवशी गटारात घालायचं. पण काकू गटारात घालत नसत. "वाया नको, झाडांना घाल," म्हणायच्या. म्हणून नळ येण्याच्या दिवशी ते सगळं शिळं पाणी हॉलमधल्या कुंड्यांना. शिवाय आजी चहा झाला की कप विसळून ते पाणीही वेलाच्या बुडात. दूध-साखरेच्या चहाचं. "खत हाय ते," असं त्यांचं म्हणणं.

काकू गेल्या आणि वेल खाली मान घालायला लागला. बाहेर ऊन असं की गॅलरीतला कपडा काढताना हात भाजायचा. मला वाटलं, तहानला. वरची माती तर खापरासारखी कोरडी. मी पाणी वाढवलं. बुडाजवळचं एक पान पिवळं झालं, मग दुसरं. नवी पानं येत होती ती टिचभर. मी आणखी पाणी घातलं.

मग चिकटपणा सुरू झाला. टीव्हीच्या वरची फळी पुसावी, दुसऱ्या दिवशी बोट लावलं की चिकटायचं. जमिनीवर चप्पल चिकटून चर्र करून सुटायची. भिंतीवरून मुंग्यांची रांग वेलावर चढत होती, आणि कुंडीभोवती बारीक चिलटं. ती आजींच्या ताटावर बसायची. एकदा माझ्या तोंडात गेलं एक. मी बेसिनवर जाऊन इतकी चूळ भरली की हिरड्या दुखल्या. मला लहानपणापासून किळस फार. मासे साफ करणाऱ्या घरातली असून किळस, यावरून आईची बोलणी खाल्लीत. म्हणून मी पुसत राहिले. फिनेल, साबण, पुन्हा फिनेल. वेलाकडे मात्र जवळून बघवेना.

काकू रोज व्हिडिओ कॉल करायच्या. आधी नात दाखवायच्या, मग म्हणायच्या, "वेल दाखव गं." आजी मला खुणेने सांगायच्या, टीव्हीवरचा भाग दाखव, तिथली पानं अजून हिरवी हायत. मी तिथेच फोन धरायची. "फोन नीट धर की, घर हलतंय," काकू म्हणायच्या.

अशात एका सकाळी खाला भांडायला आल्या. हातात त्यांचा धुतलेला पांढरा दुपट्टा. त्यावर तेलकट थेंबांची नक्षी, आणि थेंबांवर धूळ बसून काळी झालेली.

"तुमच्या घरातून काय टपकतंय?" दारातूनच. "तीनदा धुतला मी. तीनदा. माझी दोरी बराब्बर तुमच्या ग्रिलच्या खाली आहे."

आजी हॉलमधल्या पलंगावरून म्हणाल्या, "आमी काय थुकतो व्हय तुमच्यावर?"

"थुंकला असतात तर कळलं असतं आजी, वर बघून बोलले असते," खाला म्हणाल्या आणि चप्पल काढून सरळ आत आल्या. फरशीवर पाय टाकला, तळवा उचलून बघितला. नाक वाकडं केलं. मग गॅलरीच्या दारापाशी जाऊन वेलाचं एक पान धरलं आणि उलटं केलं.

"बेटी, इकडे ये. कधी पान पलटून बघितलंस का?"

मी बघितलं. पानाच्या मागे शिरेच्या कडेने पांढरी, मेणचट, कापूस चिकटवल्यासारखी पुटं. मला वाटलं बुरशी. खालांनी एका पुटाला नख लावलं आणि ते चाललं. सावकाश, पायांवर. खाली आणखी होती, पिल्लं, गुलाबी, पीठ फासलेली, एकमेकांना चिकटून. देठाच्या बेचक्यात तर खच. खालांनी एक चिरडलं, त्यातून नारिंगी पाणी आलं. मी तोंडावर हात घेऊन मागे सरले. या वेलाखाली मी रोज जेवत होते. माझ्या केसांत, ताटात, पाण्यात काय काय पडलं असेल हे मनात यायला लागलं आणि थांबेना.

"मिलीबग," खाला म्हणाल्या. "ते रस पितात आणि गोड मुततात. ते मुंग्या चाटतात आणि माझ्या दुपट्ट्यावर पण तेच."

आजी म्हणाल्या, "म्हंजी चिकटा. जवारीवर पडतो तसा. आदी सांगायचं न्हाय व्हय?"

"कुणी सांगायचं आजी? झाड तुमच्या उशाशी आहे."

मी रडायला लागले. काकू आठवड्याने येणार होत्या. मी सगळं सांगितलं, तुळशीचं, दहावीचं, फोनचं. खाला ऐकत होत्या की नाही कोण जाणे, त्या कुंडीपाशी बसल्या होत्या. त्यांनी मातीत बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत. बाहेर काढून हुंगलं. मग बोट माझ्या नाकापाशी आणलं.

"वास घे."

"नको."

"घे म्हणते ना. उद्या मी नसेन तर कुणाला विचारशील?"

घेतला. सडलेल्या अंड्याचा आणि आंबलेल्या चहाचा मिळून एक वास होता. आजवर मी तो हॉलशेजारच्या मोरीचा समजत होते.

कुंडी म्हणजे नुसतं वरचं भांडं होतं. आत नर्सरीतली काळी प्लास्टिकची कुंडी तशीच ठेवलेली, आणि बाहेरच्या चिनी भांड्याला बुडाशी भोकच नाही. कूलरच्या वाऱ्याने आणि उन्हाने वरची माती वाळायची; खाली शिळ्या पाण्याचं डबकं साचलेलं. खालांनी आणि मी मिळून आतली कुंडी वर ओढली. ती सुटताना जो आवाज झाला तो मला अजून जेवताना आठवतो. भांड्यात काळं पाणी, वर साय, सायीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. खालांनी त्यात हात घालून मुळं चाचपली. मुळं कसली, भिजलेल्या वातीसारखी. ओढली की साल हातात यायची आणि आत दोरा उरायचा.

"झाड बुडून मेलं आणि तू त्याला पाणी पाजत होतीस," त्या म्हणाल्या. "तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड सारखंच मान टाकतं. म्हणून आधी बोट घालायचं. मी लई झाडं मारलीत बेटी, तेव्हा कळलं."

मग त्यांनी कात्री मागितली. मी आणली, पण हातात दिली नाही. म्हटलं, खाला, कापू नका, काकू मला घालवतील. त्या म्हणाल्या, "नाही कापलं तर सगळंच मरेल, मग काय ठेवून घेतील? कैकू रडती? रडायचं कशाला? टोकं जिवंत आहेत."

भिंतीवरून सगळा वेल उतरवला. मी तोंडाला ओढणी बांधून एकेक पान साबणाच्या पाण्याने पुसलं, पुढून आणि मागून, बेचक्यांत काडीला कापूस लावून. पुटं बोटांखाली मऊ लागत होती. दोनदा मोरीवर जाऊन ओकले. खाला म्हणाल्या, "ओक आणि ये." बरी टोकं कापून बाटल्यांत, पाण्यात ठेवली, बाकी पिशवीत भरून बाहेर. मुळांचा तो गोळा मी सगळ्यात आधी फेकायला निघाले होते, तर त्यांनी अडवलं.

"ये नक्को फेकू. घट्ट बांधून गॅलरीत ठेव. काकूंना दाखवायचं."

तो आठवडाभर ती काळी पिशवी गॅलरीत होती. उन्हात फुगली. मी कपडे वाळत घालायला जायची तेव्हा श्वास रोखून जायची. आजी दर जेवणाला विचारायच्या, "ती घाण अजून हितंच हाय का?" आणि मला वाटायचं, काकू या पिशवीसकट मला खाली फेकतील. त्यांना फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. वेल दाखव म्हटलं की आजी फोन ओढून घेऊन नातीची चौकशी करत बसायच्या; काका रात्री येऊन जेवून झोपायचे, भिंतीकडे बघायचेही नाहीत. खाला म्हणाल्या, फोनवर वास जात नाही, आल्यावर बघू.

काकू आल्या त्या हातात बारशाच्या पेढ्यांचे डबे घेऊन. हॉलमध्ये आल्या आणि थांबल्या. उघडी भिंत, रिकामे खिळे, वेलाच्या मागे राहिलेला मळका पट्टा.

"माझा वेल?"

आजी म्हणाल्या, "मेला."

"कुणी कापला?" काकूंनी हे माझ्याकडे बघून विचारलं. मी मान खाली घातली. मला माझी बॅग दिसायला लागली होती, पलंगाखालची, चेन तुटलेली.

खाला वर आलेल्याच होत्या. गाडीचा आवाज ऐकून आल्या असतील. दारातून म्हणाल्या, "मी कापला. ती तर रडत होती, नका कापू म्हणून. शिक्षा द्यायची तर मला द्या." आणि गॅलरीत जाऊन ती पिशवी आणून, वर्तमानपत्र पसरून, काकूंच्या पायांपाशी तिची गाठ सोडली.

तो वास मी लिहिणार नाही. काकूंनी पदर नाकाला लावला आणि दोन पावलं मागे गेल्या. खालांनी चिमटीत मुळं धरून दाखवली, साल कशी सुटते ते, अळ्या कुठे होत्या ते, आणि एक पुटं भरलेलं पान मुद्दाम ठेवलं होतं ते उलटं करून.

"हे तुमचं शिळं पाणी."

पदर नाकावरच ठेवून काकूंनी ती मुळं वाकून बघितली. मग म्हणाल्या, "मग नवं पाणी आलं की जुनं घालायचं कुठं?"

"ठेवायचं. दोन दिवसांनी वापरायचं. धरणात ते महिनोन्महिने पडलेलंच असतं की, तिथं कोण रोज ताजं भरतं?"

आजी हसल्या, खोकला येईपर्यंत. काकू हसल्या नाहीत. त्या खिडकीपाशी गेल्या, बाटल्या बघितल्या. टोकांना पांढरी मुळं फुटली होती, नखाएवढी. एक बाटली उचलून उजेडात धरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ती पिशवी आधी खाली टाकून ये. आणि हात चांगले धू. परवा फॉर्मचे फोटो काढायला जायचंय, तोंड असं सुजवून येऊ नकोस."

मी जिना उतरताना ती पिशवी छातीशी धरून उतरले. वास येत होता. मला काही वाटलं नाही, असं म्हणणार नाही, वाटलंच. कचऱ्याच्या गाडीत टाकून पुन्हा ओकले.

आता मी रोज सकाळी पानं उलटी करते. मुंगी दिसली की तिच्यामागे जाते. कुंडीत बोट घालते आणि हुंगते, आणि दर वेळी अंगावर शहारा येतो. किळस गेलेली नाही, जाईल असं वाटत नाही. खालांना आता गुडघ्यांनी जिना चढवत नाही. मुलगे बाहेरगावी असतात, नवराही थकलाय. मी त्यांना सांगितलेलं नाही, पण मनाशी ठरवून ठेवलंय. दहावी झाले, कुठेही लागले, तरी ज्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठवणार नाही त्या दिवशी मी येईन. त्यांचं धुणं, पुसणं, भांडं, जे काही असेल ते करीन. मोरीवर जाऊन ओकावं लागलं तर ओकीन आणि परत येईन.