ताडगोळे आणि बकऱ्याचे डोळे

माझा थोरला भाऊ हैदराबादहून डॉक्टरी शिकून नांदेडला परत आला, तेव्हा वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले. मोगलाईचे, म्हणजे निजामाच्या राज्याचे दिवस होते, डॉक्टरीची पुस्तकंसुद्धा उर्दूत. शिकत असताना दादा सुट्टीत आला की शरीराच्या भागांची उर्दू नावं मोठ्यानं म्हणायचा आणि आई कौतुकानं ऐकत बसायची. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मुलगा डोळ्यांची शस्त्रक्रिया शिकतोय आणि आपल्या मोतीबिंदूचं तोच बघणार, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं. तांदळातला खडा तिला दिसेनासा झाला होता, आणि तो दाताखाली आला की वडील ताटावरून उठायचे.

पण पास झाला म्हणून कोणी हातात सुरी देत नाही. सरकारी दवाखान्यातले बडे डॉक्टर हे उतारवयाचे, मोजकं बोलणारे मुसलमान गृहस्थ होते. त्यांनी सुताराकडून एक लाकडी चेहरा करून घेतला होता. डोळ्यांच्या जागी दोन खोबण्या. खाटकाकडून बकऱ्याचे डोळे आणायचे, कापूस लावून त्या खोबण्यांत बसवायचे आणि नव्या डॉक्टरांनी त्यांच्यासमोर ते कापून दाखवायचे. त्यांची खात्री पटेपर्यंत जिवंत माणसाच्या डोळ्याला हात लावायचा नाही. चुकायचं ते इथं चुका, असं ते म्हणत.

दादाला ते मनापासून पटलं होतं. संध्याकाळी घरी येऊन तो मला सांगायचा, की बुबुळावरचा पडदा दिसतो तसा नाजूक नसतो, सुरीला चांगलाच अडतो. किती जोर लावायचा आणि कुठं थांबायचं, हे हातालाच कळावं लागतं.

मग एके दिवशी खाटकाच्या दुकानातून डबा घेऊन निघताना त्याला आमच्यातल्या कोणीतरी पाहिलं. दोन दिवसांत गल्लीभर झालं, वकिलांचा मुलगा बकऱ्याचे डोळे घेऊन फिरतो. आमचे वडील कोर्टात मुसलमान मुन्सफाच्या डब्यातलं पान रोज खात. त्यानं त्यांना काही होत नव्हतं. पण हा विटाळ त्यांना सोसवेना. बहिणीचं लग्न व्हायचंय, हे आजपासून बंद, असं त्यांनी दादाला सांगितलं. माझ्या लग्नाचं नाव पुढं करून आमच्या घरात पुष्कळ गोष्टी बंद झाल्या. मला कधी कोणी विचारलं नाही.

दादानं डबा आणणं बंद केलं. तोंड उघडायचं तिथं आमच्या घरातले पुरुष मान खाली घालतात. बडे डॉक्टर म्हणाले, बकऱ्याचा डोळा नाही तर सुरीही नाही. तेव्हा दादानं स्वतःच तोड काढली. उमरीकडून बाजारात ताडगोळे येत. ते सोलून, वाटीत दाबून बसवून तो मागच्या अंगणात सुरी चालवायचा. पांढरं, गुळगुळीत, आत पाणी. दिसायला थेट डोळाच. बिघडलेले ताडगोळे आई आणि मी खाऊन टाकायचो. गोड होते.

आईच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू आधी पिकला. बडे डॉक्टर म्हणाले, मी स्वतः करतो. वडिलांना ते चालेना. परक्या पुरुषानं, त्यातून मुसलमानानं, आपल्या बायकोच्या चेहऱ्याला हात लावायचा? घरात डॉक्टर असताना? पुढं बडे डॉक्टर कामासाठी हैदराबादला गेले आणि वडिलांनी ती संधी साधली. दादा पहिल्यांदाच अडला. म्हणाला, माझा हात अजून तयार नाही.

"मग सर्टिफिकेट भिंतीवर कशाला टांगलंय?" वडील म्हणाले.

आई मात्र आनंदात होती. न्हाली, चांगलं लुगडं नेसली, आणि शेजारणींना सांगून आली की माझा लेकच करून राहिला.

ताडगोळ्याला सुरी नुसती टेकवली की आत जाते. आईच्या डोळ्याला ती गेली नाही. दादानं जोर लावला, आणि गेली ती नको तितकी खोल. आतलं सगळं बाहेर आलं. हे त्यानं मला नंतर सांगितलं, दवाखान्याच्या ओट्यावर बसून, स्वतःच्या हाताकडं बघत. आईचा तो डोळा गेला. वडील म्हणाले, नशीब. नशिबाला तोंड नसतं, म्हणून आमच्याकडं सगळं त्याच्याच माथी मारतात.

बडे डॉक्टर परत आल्यावर दादावर ओरडले नाहीत. त्यांनी त्याला पुन्हा लाकडी चेहऱ्यासमोर बसवलं. आता दादा उघडपणे खाटकाकडून डबा आणू लागला आणि वडील वर्तमानपत्रात डोकं घालून बसू लागले. तोवर माझं लग्न होऊन गेलं होतं. विटाळाचंही काम संपलं असावं. मला लातूरला दिलं. सासरी देवणी जातीचे बैल होते. नवा गोऱ्हा आधी रिकाम्या गाडीला जुंपायचे, अंगवळणी पडल्यावर भरलेल्या. ते पाहिलं की माझं डोकं उठायचं. जनावराच्या बाबतीत एवढी अक्कल होती लोकांना.

पुढं दादा नामांकित झाला. माझ्या सासरकडची, रेणापूरची माणसंसुद्धा डोळे दाखवायला नांदेडला जात. आईचा दुसरा डोळाही पिकला. दादानं तिचे पाय धरले. बडे डॉक्टर निरोपावर निरोप पाठवत होते. आता वडीलही कोणाच्या हाताला नको म्हणत नव्हते. आईच नको म्हणाली, आणि तो डोळाही हळूहळू विझला.

मी माहेरी असताना एकदा पाहुणे आले होते. दादा समोर बसलेला. वडील रंगात येऊन सांगत होते, की पोराचा हात असा बसलाय, दूरदूरची माणसं नाव काढतात.

आई भिंत चाचपत बाहेर आली.

"कशावर बसला, ते बी सांगा पाहुण्यांना," ती म्हणाली. "बकऱ्याचा डोळा तुम्हाला चालला नाही. माझा चालला."

दादा तिला धरायला उठला. तिनं हात धरू दिला नाही. भिंतीच्या आधारानंच ती आत गेली.