पोचवायला आलेली चाची

सोमवारी आराखडा सरांना द्यायचा होता, म्हणून शनिवारी पहाटे मी कोकणची गाडी पकडली. मी रेल्वे स्टेशनांचे आराखडे करते. रायगडातल्या एका जुन्या स्टेशनच्या जागी पुढची तीस वर्षं गर्दी पेलेल असं नवं स्टेशन बांधायचंय. कागदावर सगळं चोख बसलं होतं, पण जागा मी धड पाहिली नव्हती.

उतरून बाहेर आलं की श्रीवर्धनची एसटी मिळते. रस्ता वळणावळणाचा आहे, पोट नाजूक असेल तर पुढची सीट धरा. मी दिवेआगरला एका वाडीत राहिले. उकडीचे मोदक हवे असतील तर सकाळीच सांगून ठेवा. वादळात वाडी आडवी झाली होती. मालकांनी तेव्हा लावलेली सुपारीची रोपं आता त्यांच्या डोक्यावर गेलीत.

रविवारी दुपारी परत स्टेशनवर आले, तर पहिल्या फलाटावर चौदा माणसांचा घोळका. श्रीवर्धनच्या हसीनाचाचींचा मुलगा दुबईला निघाला होता.

"जाणारे किती?" मी चाचींना विचारलं.

"येकटाच. आम्ही पोचवायला."

गाडी दोन नंबरवर येणार होती. सगळे पूल चढून पलीकडे गेले. चाचींचे गुडघे धरलेले.

"मी धरून नेते," मी म्हटलं.

"न्हाय गं बाय, येवढ्या पायऱ्या न्हाय व्हायच्या. हितनं दिसंल मला."

पलीकडून मुलाने हात केला. चाचींनीही केला. तेवढ्यात मधल्या रुळांवर मालगाडी येऊन थांबली. तिच्या पलीकडे मुलाची गाडी आल्याचं फक्त ऐकू आलं, आणि मग सुटल्याचंही. मालगाडी हलली तेव्हा समोर बाराजण उभे होते.

"दोन वर्सांनी येईल," चाची म्हणाल्या. पदर मात्र डोळ्यांवरून काढला नाही.

मला तोंड वर करवेना. माझ्या आराखड्यात लिफ्ट फलाटाच्या पार टोकाला होती, कारण दारापाशी मी दुकानं काढली होती. आणि तिकीट नसलेल्यांना तिकीट तपासायच्या फाटकाच्या आत जागाच नव्हती. मी मोजले होते ते फक्त प्रवासी.

परतीच्या गाडीतच मी लिफ्ट दाराजवळ आणली, दोन दुकानं खोडली, आणि दोन नंबरवर बाकांची एक ऐसपैस जागा काढली.

सोमवारी सरांनी त्या बाकांवर बोट ठेवलं. "इतकी जागा? कोण बसणार इथे?"

मी त्यांना हसीनाचाचींची गोष्ट सांगितली. दुकानांच्या भाड्यावरून आमचा वाद झालाच, आणि एक दुकान मला परत द्यावं लागलं.

लिफ्ट मात्र दारापाशीच राहिली.