टाचणीनं लावलेलं वचन

या, अशा जवळ या बरं. तिकडं उंबऱ्यात बसून काय ऐकू येणार तुम्हाला? लांबून ऐकणारी माणसं अर्धं ऐकतात आणि राहिलेलं आपल्या मनानं शिवतात, मग बाही एकीकडं आणि गळा एकीकडं. आणि तो मोबाईल पालथा ठेवा. घटकाभर नाही वाजला तर जग बुडत नाही. हां. दौंडाहून दोन दिवस आलेय तुमच्याकडं, तोवर सांगून घेते.

आमच्या बाई शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, उघडायच्या आधी गळ्यातली टेप काढून शिलाई मशिनवर ठेवायच्या. रोजचं हे. टेप ठेवायच्या, तिच्यावर कात्री ठेवायच्या आणि म्हणायच्या, "दुसऱ्यांची मापं संपली. आता आपापलं."

दौंडात आमच्या गल्लीत बाई ब्लाऊज शिवायच्या. यजमान रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. दर बुधवारी दुपारी तीन वाजता मशिनभोवती चटया पडायच्या आणि आम्ही चर्चच्या मंडळीतल्या आठ-नऊ बायका शास्त्र शिकायला बसायचो. आमचे पाळकसाहेब एका रविवारी अख्खा अध्याय हातावेगळा करायचे. बाई एका वाक्यात तीन बुधवार घालवायच्या. साहेब एकदा हसून म्हणाले, "बाई, या वेगानं शेवटच्या पानावर कधी पोचणार?" बाई म्हणाल्या, "साहेब, उसवायला वेळ लागत नाही, शिवायला लागतो."

एकदा जिभेबद्दलचं वाक्य निघालं. जीभ म्हणजे विस्तव, सांभाळून वापरा, अशा अर्थाचं. मी लगेच बोलून गेले, "हे आमच्या जाऊबाईंनी ऐकायला पाहिजे होतं."

"आल्यात का जाऊबाई?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग कपडा तुमच्या हातात आहे. तुम्हीच घालून बघा."

सगळ्या जणी माझ्याकडं बघायला लागल्या. आणि काय सांगू, तो कपडा मला असा चपखल बसला की पुढचा आठवडाभर तोंड उघडायची नुसती चोरी!

मला वाचायला बाईंनीच शिकवलं. मी शाळा बघितली ती बाहेरून, भाजीची पाटी डोक्यावर घेऊन. नातवंडं झाल्यावर बाईंनी माझं बोट धरलं आणि ओळीवरून फिरवलं. पहिल्यांदा मी आपलं आपण वाचलं ते असं की येशूनं लोकांना एक दाखला दिला. मी थांबले. म्हटलं, "बाई, कसला हो? उत्पन्नाचा का रहिवाशी?" बाई इतक्या हसल्या की पायाखालचं पायडल आपोआप फिरलं आणि मशीन मोकळंच धावलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, दाखला म्हणजे गोष्ट. बोध देणारी. तलाठ्याचा नव्हे."

तेव्हा आम्ही हसलो. पण शास्त्रातले शब्द बाजारात गेले की त्यांचा अर्थ बदलतो, हे पुढं बाईंनाच भारी पडलं.

त्याचं असं झालं. बाईंची एक खोड होती. शिवून झालेल्या ब्लाऊजच्या घडीत त्या एक चिठ्ठी टाचणीनं लावून द्यायच्या. बेतायच्या खाकी कागदाच्या पट्ट्या उरतात ना, त्यावर शास्त्रातलं एखादं वचन आपल्या सोप्या शब्दांत लिहायच्या. खाली अध्यायाचा आकडा. गिऱ्हाईक कुठल्याही धर्माचं असो. "वाचलं तर वाचा," म्हणायच्या, "नाही तर मागच्या बाजूला वाणसामानाची यादी करा." कुणी वाईट मानलं नाही. माझ्या माहितीत निम्म्या याद्याच झाल्या.

बाईंच्या वरच्या मजल्यावर आक्का राहायच्या. पाटसकडच्या बागायतदाराच्या घरातल्या. मालक गेले, उसाचं रान पुतणे बघायला लागले, आणि आक्का दौंडात दोन खोल्या घेऊन एकट्या राहिल्या. मुलगा कारेगावात, कंपनीत शिफ्टला. आक्का म्हणायच्या, "मला सुनंशी पटत न्हाई." सून म्हणायची, "आत्यांना कुणाशीच पटत नाही." आता आम्ही शेजारी, आम्ही कुणाची बाजू घेणार? पण सून खोटं बोलत नव्हती एवढं सांगते.

त्या आक्कांचा ब्लाऊज बाईंनी शिवला. घडी हातात देताना म्हणाल्या, "आक्का, आत वचन आहे हं. घरी जाऊन वाचा." चिठ्ठीवर लिहिलं होतं, "मी तुला एकटं टाकणार नाही." पण त्या दिवशी कागदाची पट्टी आखूड पडली होती. अध्यायाचा आकडा लिहायला जागाच उरली नाही.

पुढं वर्षभरानं आक्का न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. तीन-चार महिने पडून राहायचं, मग काठी नाही तर वॉकर. मुलगा-सून आले. "आई, कारेगावला चल," मुलगा म्हणाला. आक्कांनी भिंतीकडं तोंड केलं. सुनेच्या हातचं पाणीसुद्धा नको म्हणाल्या. मुलानं एक बाई कामाला ठेवली, ती तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन पळाली. मुलाची रजा संपली.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या बाईंचं सामान बांधलेलं होतं! त्यांची एकुलती लेक शिरूरला. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि आता कुठं दिवस राहिले होते. सहावा महिना संपत आलेला, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेलं. बाई मशिनसकट कायमच्याच शिरूरला निघाल्या होत्या. टेम्पोसुद्धा सांगून ठेवला होता.

निघायच्या आदल्या दिवशी बाई आक्कांचा निरोप घ्यायला वर गेल्या. मी बरोबर होते. आक्कांनी उशीखालून तो खाकी कागद काढला.

"हे वाच."

बाईंनी वाचलं. "मी तुला एकटं टाकणार नाही."

"अक्षर कुणाचं?"

"माझंच की."

"मग निघालीस कुटं?"

बाई गोंधळल्या. "आक्का, अहो हे मी नाही म्हणत. हे देव म्हणतो. शास्त्रातलं वचन आहे ते."

"तुझा देव मला कवा भेटला?" आक्का म्हणाल्या. "मला तू दिलंस. वचन हाय म्हणालीस. आमच्याकडं वचन दिलं म्हंजी दिलं." एवढं ठसक्यात बोलल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, "बाई, रातचं पाणी द्यायला कुणी न्हाई गं मला."

बाईंनी कागद उलटा केला, सुलटा केला. "आकडा राहिला," एवढंच म्हणाल्या.

जिना उतरताना मी म्हटलं, "जाऊ द्या हो. म्हाताऱ्या माणसाचा गैरसमज." बाईंनी टेम्पोवाल्याला फोन करून नुसतं, "दोन दिवस थांब बाबा," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. बाईंनी टेप काढली, मशिनवर ठेवली, आणि पुस्तक उघडलंच नाही. "आज मी घालून बघते," म्हणाल्या. "तुम्ही सांगा कसं बसतंय. मला तर बगलेत काचतंय."

सगळी हकिगत त्यांनी सांगितली. आमच्यातली एक म्हणाली, "पण बाई, ते वचन देवाचं आहे. तुमच्यावर कसं येईल?"

"मी पण रात्रभर तेच म्हणत होते," बाई म्हणाल्या. "देवाचं आहे, देव बघेल. पण सकाळी वाटलं, देव काय आक्कांना लापशी ढवळून द्यायला जिना चढणार आहे? चढायचं आपल्यापैकीच कुणीतरी ना! चाळीस वर्षं मी लोकांना वचनं वाटली. पहिल्यांदा एका माणसानं शब्दाला शब्द धरून विश्वास ठेवला, आणि मी आकडा राहिला म्हणून सुटू?"

त्यांनी लेकीला फोन लावला. आम्ही बसलेल्याच होतो. लेक आधी ऐकत राहिली, मग रडली, मग म्हणाली, "आई, वरच्या मजल्यावरच्या आक्का दिसतात तुला, मी दिसत नाही." फोन कट. त्या दिवशी बाईंनी एका ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

संध्याकाळी वर जाऊन बाई म्हणाल्या, "राहते मी, आक्का. पण माझी लेक रुसली."

"का?"

बाईंनी बाळंतपणाचं सांगितलं. आक्कांना यातलं काही ठाऊकच नव्हतं. उशीवरून मान उचलून त्या कडाडल्या, "पयलं बाळतपण ना? मग त्ये माहेरीच असतंय! पोरीनं आईकडं यायचं का आईनं पोरीकडं जायचं? शिरूरला उलटा कायदा निघालाय व्हय? लाव फोन."

बाईंनी लावला. आक्का फोनवर ओरडूनच बोलायच्या, शिरूर लांब आहे म्हणून. "ए पोरी! मी तुझ्या आईची वरची. माझा पाय मोडलाय, तोंड न्हाई. तुझी आई मी अडकवून ठेवलीय, तिला बोल लावू नगंस. डाक्टरला इचार आन् गाडीत गादी टाकून हिकडं ये. दौंडात काय दवाखानं न्हाईत?"

पलीकडं लेक हसली. खरंच हसली! डॉक्टरांनी हो म्हटलं, आणि चार दिवसांनी जावयानं गाडीत गादी टाकून, हळूहळू, न्हावऱ्यावरून तिला आणून सोडलं.

पुढचे चार महिने आमच्या गल्लीला सण होता. आक्कांना एकटं ठेवता येईना म्हणून बुधवारचा अभ्यास त्यांच्या खोलीत सुरू झाला. वर कोनाड्यात त्यांचा देव्हारा, खाली आमचं शास्त्र. "असू दे," आक्का म्हणाल्या, "माझ्या देवांनाबी जरा करमंल."

आणि काय प्रश्न विचारायच्या! शंभर मेंढरांतलं एक हरवतं आणि मेंढपाळ बाकीची सोडून शोधायला जातो, ती गोष्ट झाली. आक्का ताडकन म्हणाल्या, "नव्व्याण्णव रानात सोडून? लांडगा खाईल की! यडा का काय ह्यो?" आम्ही जन्मापासून ती गोष्ट ऐकलेली, पण नव्व्याण्णवांची काळजी आमच्यापैकी एकीनं केली नव्हती. बाईंचा चेहरा असा खुलला! म्हणाल्या, "अशी विद्यार्थिनी मला आजवर मिळाली नाही."

मग ती दोन भावांची गोष्ट आली. धाकटा सगळं उधळून परत येतो, बाप त्याला जेवण घालतो, आणि थोरला रागानं घराबाहेर उभा राहतो. आक्कांनी थोरल्याची बाजू घेतली. "बरोबर हाय त्याचं! रानात राबला कोण? आन् पंगत कुणाला?" तीन बुधवार त्या हटल्या नाहीत. चौथ्या बुधवारी बाईंनी मला एकच ओळ वाचायला लावली. मी बोट ठेवून वाचलं, की बाप बाहेर आला आणि त्याची समजूत घालू लागला.

"कोण भाईर आला?" आक्का म्हणाल्या.

"बाप."

"थोरल्यासाठी? पंगत सोडून?"

"हो."

"बाप असून पोराची मनधरणी केली?"

"केली, आक्का," बाई म्हणाल्या. "मोठा होता, म्हणून तोच बाहेर आला."

आम्ही चटया गुंडाळत होतो तेव्हा आक्कांनी बाईंच्या लेकीला जवळ बोलावलं. "पोरी, माझ्या सुनंचा नंबर लाव. लेकाचा न्हाई. सुनंचा."

सुनेला वाटलं, आक्कांचं काही बरंवाईट झालं. ती घाबरून "आत्या, आत्या" करायला लागली. आक्का म्हणाल्या, "काय न्हाई गं, जिती हाय. तू जेवलीस का?" बस. एवढंच. चौदा वर्षांत पहिल्यांदा विचारलं असेल. रविवारी सून एकटी एसटीनं आली, डब्यात शेंगोळी घेऊन. आक्कांनी खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. सून म्हणाली, "मग माझ्याकडं येऊन घाला मीठ." दोघी हसल्या.

बाईंना नात झाली. काळीभोर जावळाची, रडली की रेल्वेच्या भोंग्याला मागं टाकणारी. डिंक किती, खसखस किती, शेगडी कुठं ठेवायची, सगळा हुकूम वरच्या मजल्यावरून सुटायचा. बारशाला आक्का वॉकर धरून जिना उतरल्या, एकेका पायरीवर थांबत, आणि पाळण्याची दोरी पहिल्यांदा त्यांनीच ओढली.

मग लेकीची नोकरीतली बाळंतपणाची रजा संपत आली. नात सांभाळायला बाईंना आता शिरूरला जावंच लागणार होतं. या खेपेला आक्कांनीच विषय काढला. "जा बाई. पाळलंस तू वचन. मोकळी केली तुला."

"तुम्ही कोण मोकळं करणाऱ्या?" बाई म्हणाल्या. "तुम्ही कारेगावला सुनेकडं चला. शिरूरहून कारेगाव अर्ध्या-पाऊण तासावर आहे. बुधवारी मी येईन."

आणि जातात हो! दर बुधवारी जातात. सून सांगते, बाई आल्या की दोघी आधी भांडतात आणि मग वाचतात. सूनपण बसते म्हणे आता, भाजी निवडत.

आमची गल्ली मात्र रिकामी झाली. खालचं दार बंद, वरचंही बंद. पहिल्या बुधवारी मी सवयीनं तीन वाजता चटई घेऊन बाहेर आले आणि तशीच उभी राहिले. मग माझ्याच घरात टाकली. आता मी वाचते. अडखळत वाचते, जोडाक्षराला थांबते, आणि मागून कुणी हसत नाही याचंच वाईट वाटतं. आठ जणी होतो, बाई गेल्यावर एकेक गळाली, आता तिघी उरलो आहोत, त्यातल्या एकीला ऐकू येत नाही.

म्हणून म्हणते, फोनवर "येऊ, येऊ" नका करू. स्टेशनला उतरलात की रिक्षावाल्याला भाजीवाल्या मावशीचं घर विचारा, तो आणून सोडील. वाचता येत नसलं तरी चालेल, बोट माझं आहे. येत्या बुधवारीच या. चहा ठेवते.