हवालदाराच्या नावचा मिक्सर

सुट्टीवर आलेला फौजी वडूजहून पलटणीत परत निघाला की त्याच्या ट्रंकेत हरणाबाईची कांदा-लसूण चटणी हमखास असायची. वीस वर्षं ती बाई उखळात मिरची कुटत होती. नवरा लोणंदच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलायचा आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा, तोही झोपायला. घर चालत होतं ते तिच्या उजव्या हातावर, आणि शहाण्णव साली नेमका त्याच हाताचा खांदा धरला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मुसळ सोडा, नाहीतर हात जाईल.

तेव्हा नानासो देवासारखा धावून आला, असं ती नंतर महिनाभर सगळ्यांना सांगत होती. देव कसला! हा रिटायर हवालदार. मिशी पलटणीतली आणि अक्कल बाजारातली. मिलिटरी कँटीनमधून टीव्ही, मिक्सर, इस्त्र्या उचलायच्या आणि वर दोन पैसे ठेवून गावोगाव विकायच्या, हा त्याचा धंदा. असा माल विकायला बंदी होती, पण विचारतो कोण? हरणाबाईचा तो मानलेला भाऊ, दर भाऊबीजेला तिच्या पाटावर बसणारा.

त्याला वरचे पैसे मोजून घेतलेला मिक्सर घरात आला तेव्हा तिनं त्याला हळद-कुंकू वाहिलं आणि नानासोला टोपी-टॉवेल दिला. पावती मात्र मागितली नाही. भावाकडे पावती मागायची म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणायचं, अशी तिची समजूत. आमच्याकडच्या निम्म्या बायका अशाच बुडतात.

"गॅरंटी हाय न्हवं, दादा?" एवढंच तिनं विचारलं.

"फौजेचा माल हाय, येडे. एक वरीस कंपनी बघती, जल्मभर मी बघतो."

दीड महिन्यात मोटर जळाली. दिवाळी आठवड्यावर आलेली आणि पंधरा फौजींचे डबे सांगून ठेवलेले. हरणाबाई मिक्सर पोत्यात बांधून एसटीनं साताऱ्याला कंपनीच्या वर्कशॉपात गेली. तिथल्या माणसानं गॅरंटीचं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "मोटर फुकट बदलून मिळेल, मावशी. पण कार्ड हवालदारांच्या नावावर आहे. त्यांना कँटीनची पावती घेऊन येऊ द्या."

ती परतली ती थेट नानासोच्या दारात. हा गडी झोपाळ्यावर पाय हलवत बसलेला.

"मी न्हाई यायचा," तो म्हणाला. "माझ्या नावावर दोन मिक्सर तिथं जाऊन आल्यात. तिसरा न्हेला तर त्यो इचारंल, हवालदार, तुमच्या घरात चुली किती? कँटीनला कळलं तर माझं तिथलं कार्ड जाईल."

"आन् माझा हात जाईल, त्याचं?"

"मी काय दुकानदार हाय व्हय, गॅरंटी द्यायला? भाऊ म्हणून आणून दिला तुला."

"भाऊ म्हणून दिला, मग वर पैसं कशाचं घेतलंसा?"

नानासोचा पाय थांबला. "जास्त बोलू नगंस. कागदावर नाव माझं हाय. कुणाकडंबी जा, मिक्सर माझाच ठरतोय."

कँटीनचं कार्ड गेलं म्हणजे दर महिन्याच्या स्वस्त रमच्या बाटल्या गेल्या, हे तो बोलला नाही. सगळ्या पेठेला ते ठाऊक होतं. बहिणीचा हात गेला तरी चालेल, बाटली जाता कामा नये! संताप येतो असल्या माणसांचा.

आठ दिवस हरणाबाईनं डाव्या हातानं मिरची कुटली. पंधरातले सहा डबे झाले. बाकीच्यांनी दुसरीकडून चटणी घेतली, आणि पुढच्या सुट्टीलाही तिथूनच घेऊ म्हणाले.

भाऊबीजेला दिवस मावळता नानासो कडक इस्त्रीचा सदरा घालून आला. शिरस्ता मोडला तर पेठ कारण विचारणार, म्हणून आला. शेजारची बनुबाई आणि आळीतल्या चार बायका ओट्यावर बसलेल्या होत्या. हरणाबाईनं पाट मांडून त्याला बसवलं आणि त्याच्यापुढे मिक्सरचं कार्ड ठेवलं.

"दादा, औंदा लुगडं नगं. उद्या पावती घिऊन माझ्यासंगं साताऱ्याला चला. हीच माझी ओवाळणी."

भाऊबीजेच्या पाटावर बसलेला भाऊ बहिणीला नाही म्हणत नाही. नानासोनं बायकांकडे एकदा पाहिलं, खिशातून नोट काढली आणि ताटात टाकली. "हे घे आन् गप ओवाळ. सणासुदीला तमाशा नगं."

हरणाबाईनं ती नोट उचलून त्याच्याच खिशात परत कोंबली. निरांजनाचं ताट घेतलं आणि त्याला पाटावर तसाच सोडून अंगणात गेली. पश्चिमेला बीजेची बारीक कोर दिसत होती. दुखरा हात जेमतेम छातीपर्यंत वर येत होता. तेवढाच उचलून, भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तसं तिनं चंद्राला ओवाळलं.

"आगं बया," बनुबाई ओरडली, "भाऊ आत पाटावर बसलाय की!"

"कुठला भाऊ, बनुबाई? मला भाऊ न्हाई."

नानासो कोऱ्या कपाळानं पाटावरून उठला आणि सगळ्या आळीच्या देखत घरी गेला.