पंपासारखं हृदय

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांची पत्नी आत दाखल होती. तरुण डॉक्टर बाहेर येऊन त्यांना समजावू लागले, "बाबा, हृदय म्हणजे पंप. आजींचा पंप आता थकलाय."

उपमा उत्तम होती. अडचण एवढीच, की बाबांनी जन्मभर विहिरींवरचे पंप दुरुस्त केले होते. त्यांचा चेहरा उजळला.

"मग खोलून बघा की! बुश झिजलं असंल. वीस-वीस वर्षांचे पंप चालू करून दिल्यात मी."

"तसा पंप नाही हो, बाबा."

"मग कसा?"

अनोळखी गोष्ट ओळखीच्या गोष्टीसारखी आहे म्हटलं, की आपल्याला समजल्यासारखं वाटतं. पण ओळखीची गोष्ट एकटी येत नाही. पंप म्हटलं, की दुरुस्तीही आलीच. माझ्या पत्नीच्या आजारपणात मोठ्या डॉक्टरांनी गंभीर आवाजात दिव्यातलं तेल संपत आल्याचं सांगितलं होतं. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचो, तरी तेल कुठून आणता येईल, याचाच विचार करत राहिलो.

डॉक्टर बाबांच्या शेजारी टेकले. "बाबा, आजी आता बऱ्या होणार नाहीत."

बाबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "असं सांगा की. मग आजच घरी नेतो. तिला हितला चहा आवडत न्हाई."

माझी पत्नी दवाखान्यातच गेली.