जावेच्या नावाचा केक

गेल्या नाताळात मी माझ्या जावेचा केक पळवला. तोही दिवसाढवळ्या आणि तिच्या नवऱ्याच्या परवानगीनं. परवानगी म्हणजे, केकवर लक्ष ठेवायला त्यांनी मलाच बसवलं होतं!

आम्ही मूळचे नगरचे. नोकरीपायी दोघे भाऊ दिल्लीत आले आणि मयूर विहारच्या दोन वेगवेगळ्या फेजमध्ये राहिले. (एका फेजमध्ये आम्ही दोघी जावा मावलो नसतो.) आमचा नाताळ नगरकडच्या ख्रिस्ती घरांत होतो तसाच, करंज्या-चकल्या-अनारशांसकट. समोरच्या फ्लॅटमधल्या आंटी तर गेली बारा वर्षं समजतात की महाराष्ट्रात दिवाळी दोनदा येते. फराळ मी करते, मटण थोरल्या जाऊबाई म्हणजे सुनीताताई आणतात, आणि केक मात्र दोघी एकेक करतो. नगरहून आलेल्या सासूबाई दोन्ही केक चाखतात आणि निकाल देतात.

सासूबाईंच्या मते जगात दोनच प्रकारच्या बायका असतात. संसारी आणि हौशी. थोड्या पैशात पंचवीस माणसं जेवून तृप्त होतील असा बाजार करते, ती संसारी. उरलेल्या सगळ्या हौशी. सतरा वर्षांपूर्वी लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात मी मटार आणायला गेले, भाव न करता घेऊन आले, आणि तेव्हापासून मी हौशी आहे. ताई मात्र संसारी. त्या मेट्रोनं जुन्या दिल्लीच्या बाजारात, खारी बावलीला जातात, चार दुकानं फिरून सुका मेवा आणतात. अंडी गाजीपूरच्या मंडीतून ट्रेच्या हिशेबानं. नारळ तर त्या मंदिराबाहेरच्या दुकानातून घेतात, तिथं स्वस्त पडतात म्हणून! आणि एवढं सगळं वाचवून केक असा की सासूबाई डोळे मिटून म्हणणार, "बरा झालाय." हे त्यांचं सर्वांत मोठं कौतुक. माझा केक दरवर्षी मधोमध बसतो. तो चाखून सासूबाई म्हणतात, "हौस म्हणून ठीक आहे."

मला ताईंच्या पैशांचा, दागिन्यांचा, मोठ्या बाल्कनीचा कधीही हेवा वाटला नाही. (बाल्कनीचा थोडा वाटला.) मला हेवा वाटायचा तो त्या एका शब्दाचा. मरण्यापूर्वी एकदा, फक्त एकदा, मला कुणीतरी संसारी म्हणावं!

नोव्हेंबरात ताईंनी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. खारी बावलीची पिशवी आणि खाली, "नाताळचं सामान आलं. मागच्या वर्षीपेक्षा स्वस्त!" सासूबाईंनी लगेच इमोजीचे हात जोडले, दिवा लावला, फुलं पाठवली. मी फोन खाली ठेवायला गेले, पण बोटांनी आपोआप टाइप केलं, "माझंही झालं. ह्या वर्षी केक निम्म्या खर्चात."

प्रत्यक्षात मी तोवर बेकिंग पावडरसुद्धा आणली नव्हती. पण दोन मिनिटांत सासूबाईंचा आवाजी संदेश आला, "रेखा, शहाणी झालीस गं! आता बघू." ते "आता बघू" मी अकरा वेळा ऐकलं.

मग खरंच निम्म्या खर्चात केक करून पाहिला. काजूऐवजी पेठा, मनुकांऐवजी टूटी-फ्रूटी, लोण्याऐवजी डालडा. चवीला आमच्या रियाला दिला. ती दिल्लीतच वाढलेली, नववीत आहे.

"कसाय?"

"मम्मा, सच बोलू?"

"नको," मी म्हटलं.

तिनं तरी सांगितलं. "रबरसारखा."

माझं अवसान गळालं. मी पर्स उचलली, मार्केटमधल्या सर्वांत चकचकीत दुकानात गेले आणि उत्तम काजू, काश्मिरी अक्रोड, जर्दाळू, पांढरं लोणी, जे जे दिसेल ते घेतलं. भाव करायचं सुचलंच नाही! एवढा महाग केक आमच्या घराण्यात आजवर झाला नसेल. किमतीची लेबलं असलेली पाकिटं मी शेजारच्या टॉवरच्या कचरापेटीत टाकून आले.

माझे यजमान विनय सगळं पाहत होते. "म्हणजे पैसे वाचवल्याचं दाखवायला तू दुप्पट पैसे घातलेस?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"बिल्कुल नाही कळत. आणि तो मधोमध बसणारच. त्यापेक्षा वहिनी जातात त्या बेकरीत जा ना."

"कुठल्या बेकरीत? ताई तर घरी करतात!"

"छे! दादानं सांगितलं मला. आपलं सामान घेऊन जायचं, ते लोक समोर फेटून भट्टीत भाजून देतात. पण तुला सांगू नको म्हणालाय," असं म्हणून विनयनी मला पूर्ण पत्ता सांगितला.

नाताळच्या दोन दिवस आधी सकाळी मी तिथं गेले. धुकं आणि धूर असा होता की समोरची रिक्षा आवाजावरून ओळखायची. मी कानटोपी घातली, प्रदूषणाचा मास्क लावला, वरून शाल गुंडाळली. चष्म्यावर वाफ धरली होती. आरशात मीच मला ओळखलं नसतं. बेकरीत ही गर्दी! प्रत्येकाच्या हातात मैद्या-साखरेचे डबे. कारागीर तुमच्यासमोर सगळं एकत्र फेटायचा, पत्र्याच्या साच्यात ओतायचा आणि नंबराची चिठ्ठी साच्याच्या कडेला पिठाच्या ठिपक्यानं चिकटवून ओळीत ठेवायचा. भट्टीची पाळी येईपर्यंत आपल्या साच्याकडे आपणच बघत बसायचं.

माझ्या पिठात ते सगळे महागडे काजू गडप झाले. साचा वरून अगदी साधा दिसायला लागला.

"मैडम, ऊपर कुछ नहीं लगाना?" कारागिरानं विचारलं.

"नहीं भैया, सब अंदर है," मी म्हटलं.

आणि तेवढ्यात मला शेजारच्या साच्यापाशी ठेवलेला स्टीलचा डबा दिसला. त्यावर कोरलं होतं, "चि. सौ. कां. सुनीता हिस मामाकडून सप्रेम". अख्ख्या दिल्लीत हा डबा दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नव्हतं. मी साच्याकडे पाहिलं. काय सांगू! वर बोट ठेवायला जागा नाही इतके अक्रोड आणि मध्ये काजूच्या अर्ध्या फाका, नक्षीसारख्या. एवढा मेवा, आणि तो स्वस्तात! माझा जीव नुसता जळून गेला.

डब्याच्या राखणीला बाकावर बसले होते थोरले दीर, भाऊजी. मी मान खाली घातली. पण बाकावर जागा फक्त त्यांच्याच शेजारी.

"बहनजी, आपका भी केक है क्या?" भाऊजी म्हणाले.

"हांजी," मी आवाज घोगरा करून म्हटलं.

"हमारी मिसेस का देखो. इतना मेवा, पर खर्चा एकदम कम! सबको नहीं जमता. हमारे छोटे भाई की मिसेस है, बहुत अच्छी है बिचारी, पर आलू लेने जाएगी तो भी दुकानवाले का भला करके आएगी. अभी ग्रुप पे डाला है, आधे खर्चे में केक! हमारी माताजी भी हँस रही थी."

(सासूबाई हसल्या होत्या! मग ते "शहाणी झालीस गं" काय होतं?)

"बहनजी," भाऊजी उठले, "जरा हमारे केक पे ध्यान रखेंगे? मैं मटन का बोलके आता हूँ."

"हांजी, बिल्कुल," मी म्हटलं.

ते धुक्यात दिसेनासे झाले. कारागीर भट्टीत डोकं घालून बसला होता. माझा साचा एक्केचाळीस नंबरचा, ताईंचा चाळीस. मी प्रभूचं नाव घेतलं, त्याला दुसरीकडे बघायला सांगितलं, आणि दोन्ही चिठ्ठ्या उचलून अदलाबदल करून चिकटवल्या. तीन सेकंदांचं काम! सतरा वर्षांच्या जळफळाटाला तीन सेकंद पुरले.

तासाभरानं केक निघाले. बेकरीवाल्यानं खोक्यांत घालून, सुतळीनं बांधून दिले. भाऊजींनी जाताना मला वाकून नमस्कार केला. "बहनजी, भगवान आपका भला करे."

नाताळच्या दिवशी चर्चमध्ये मी सर्वांत मागच्या बाकावर बसले, पण दुपारी आमच्याच घरी, जेवणाच्या टेबलाशी मात्र पुढे होते. मटण झालं, पुलाव झाला, आणि दोन्ही केक समोर आले. ताईंच्या खोक्यातून निघाला साधा, तपकिरी, बोडका केक. माझ्या खोक्यातून निघाला अक्रोडांनी मढलेला राजेशाही केक. सगळ्यांनी "अरे वा!" केलं. ताई माझ्या केककडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे. मग पुन्हा केककडे. त्यांना कळलं होतं!  पण त्यांनी नुसती सुरी माझ्याकडे सरकवली. हरल्या बिचाऱ्या, मला वाटलं.

"निम्म्या खर्चात एवढे अक्रोड?" सासूबाई म्हणाल्या.

"हो आई," मी नम्रपणे म्हटलं. "जरा फिरावं लागतं, एवढंच."

सासूबाईंनी पहिला घास घेतला. चावला. आणखी चावला. त्यांचं चावणं काही संपेना. भाऊजींनी एक अक्रोड तोंडात टाकला आणि पाण्याचा ग्लास शोधायला लागले. तेवढ्यात रियाचा आवाज आला.

"मम्मा, यार, ह्यात सोया चाप आहे!"

"काहीतरी बोलू नकोस. अक्रोड आहेत ते."

"नाही मम्मा, हे सोया आहे. कॅन्टीनमध्ये मटणाच्या जागी रोज हेच असतं. आणि हे काजू नाहीत, मूँगफली आहे."

मी एक अक्रोड तोडून पाहिला. सोयाबीनची वडी! जायफळाच्या पाकात भिजवून, तुकडे करून, छान तपकिरी भाजलेली. काजू म्हणजे साल काढलेले शेंगदाणे. मी ताईंकडे पाहिलं. ताई पंख्याकडे पाहत होत्या. डिसेंबरात, बंद पंख्याकडे!

"रेखा," सासूबाई शेवटी गिळून म्हणाल्या, "काटकसर करावी, पण खाणाऱ्याचे दात तरी वाचवावेत गं. हौस म्हणून ठीक आहे." मग त्यांनी ताईंचा केक घेतला. म्हणजे माझा. लोण्यानं ओथंबलेला, घासाघासाला काजू, काश्मिरी अक्रोड, जर्दाळू. त्यांचे डोळे मिटले. "बरा झालाय," त्या म्हणाल्या. थोडं थांबून पुन्हा म्हणाल्या, "फारच बरा झालाय. वर दिखावा नाही, सगळं आत. सुनीता, अशी संसारी बाई मी दुसरी पाहिली नाही!"

"आणि बेकरीत तो केक एका बहनजीनं राखला बरं का," भाऊजींनी भर घातली. "फार भली बाई!"

विनयना खोकल्याची उबळ आली आणि ते गॅलरीत गेले.

मी सुन्न होऊन ताटल्या उचलल्या. स्वयंपाकघरात माझ्यामागून ताई आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"रेखा, माझ्या केकमध्ये काजू कुठून आले गं?"

"ताई, माझ्यात सोयाबीन कुठून आलं?"

नळ वाहत होता. मी तो बंद केला.

"घरी खोकं उघडलं तेव्हा वाटलं, बेकरीवाल्यानं घोळ घातला. ह्यांना सांगितलं, भट्टीत मेवा खाली बसतो, आणि ह्यांना ते पटलंही," ताई म्हणाल्या. "पण आज तुझ्या टेबलावर माझ्या वड्या पाहिल्या! बोलणार काय? बोलले असते तर वड्या माझ्या म्हणून कबूल करावं लागलं असतं."

"पण वड्या कशाला ताई? दरवर्षी तुम्ही खरे अक्रोड घालता ना?"

ताईंनी पदरानं ओठ पुसले. "तू ग्रुपवर लिहिलंस ना, निम्म्या खर्चात म्हणून. आईंनी तुला शहाणी म्हटलं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग आणलेला मेवा दुकानात परत केला आणि वड्या घातल्या. खरं सांगते, फार हेवा वाटला गं तुझा."

माझा हेवा! सुनीताताईंना! सतरा वर्षांनी माझाही कुणीतरी हेवा केला होता आणि तोही न झालेल्या काटकसरीपायी. माझे डोळे भरून आले. मी पुढे होऊन त्यांचा हात धरला. त्यांनीही माझा धरला.

"खर्च किती आला तुला खरा?" त्यांनी हळूच विचारलं.

मी त्यांच्या कानात आकडा सांगितला.

ताईंनी झटकन हात सोडला. "अगं बाई! रेखा, तू हौशी ती हौशीच राहिलीस."

बाहेरून सासूबाईंची हाक आली. "सुनीता, तुझा उरलेला केक डब्यात भरून दे गं. नगरला नेते. बायकांना दाखवते संसार कसा करतात ते!"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. मग त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि माझा केक त्यात, मामाच्या सप्रेम भेटीत, मोठ्या मायेनं रचला. सोयाबीनचा केक आमच्याकडेच राहिला. विनयनी तो सात दिवस डब्यात नेला. ऑफिसात चिवट चाप म्हणून खपवला म्हणे.

नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर नगरहून फोटो आला. दहा-बारा बायका, प्रत्येकीच्या हातात केकचा तुकडा, आणि खाली सासूबाईंचा मजकूर, "सुनीताचा केक. काटकसर शिकावी तर हिच्याकडून." पहिले हात ताईंनी जोडले. दुसरे, नाइलाजानं, मी.

रात्री मी तो फोटो मोठा करून पाहिला. केक मधोमध जराही बसला नव्हता. काजू कसे टपोरे दिसत होते, जर्दाळू कसे चमकत होते! इतका देखणा केक आणि तो नेमका तिलाच जमावा? काय सांगू, मला जावेचा असा काही हेवा वाटला!