नळी मीच कापली होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, लेकीला नाही. ऐंशी ओलांडल्यावर सांगतोय, ते काही धीर आला म्हणून नव्हे. ज्याच्यासमोर मान खाली घालायला लागली असती तो आता राहिला नाही — म्हणून.

जालना रोडला, मुकुंदवाडीच्या अलीकडं, माझं नि युसुफचं गॅरेज होतं. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो, मग एकाच पत्र्याखाली धंदा मांडला. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनला तोवर वीस-बावीस वर्षं होऊन गेली होती. पण त्या दिवसांत युसुफचे वडील घर सोडून गेले ते परत आले नव्हते, आणि त्या घराकडं काही लोक अजून तिरक्या नजरेनं बघत. मी बघत नव्हतो. निदान तसं समजत होतो.

एक डॉक्टरीणबाई होत्या. बाळंतपणाला बोलावणं आलं की स्वतः मोटार चालवत खेड्यापाड्यांत जायच्या. त्यांच्या गाडीचं पुढचं डावं चाक तापायला लागलं. पाच-सहा मैल गेलं की कर्कश आवाज, जळका वास, आणि चाकाजवळ हात नेववत नाही इतकी धग. गाडी थांबवून गार होऊ दिली की पुन्हा ठीक.

मी चाक उघडलं. ब्रेकचे लायनर बदलले. ड्रम लेथवर घासून आणला. आतल्या स्प्रिंगा नव्या घातल्या. चिकलठाण्यापर्यंत चालवून बघितली — झकास. बाई घेऊन गेल्या, चौथ्या दिवशी परत. तोच आवाज, तोच वास.

युसुफ लांबून बघत होता. म्हणाला, "दत्ता, ड्रमचा कसूर नाय रे. ती रबरी नळी बघ. आतून फुगली आसंल. पाय दाबला की ऑइल जातंय, पर वापस येत नाय. मग ब्रेक सुटंल कसा?"

मी हसलो. ती नळी सहा महिन्यांपूर्वी मीच बसवली होती. बाहेरून तर अगदी कोरी दिसत होती. कोऱ्या नळीला काय होतंय?

तिसऱ्यांदा गाडी आली, तेव्हा मात्र माझ्या डोक्यात किडा शिरला. माझ्या हातून दोनदा दुरुस्त झालेली गाडी पुन्हा पुन्हा बिघडतेच कशी? कुणी बिघडवत तर नाही? आठवायला लागलो. गाडी आली की युसुफ तिच्याभोवती घोटाळतो. बाई हल्ली त्याच्याशीच जास्त बोलतात. त्याला वेगळं गॅरेज टाकायचंय, असं शहागंजात कुणीतरी म्हणालं होतं — कोण, ते आठवेना, पण म्हणालं होतं. संशयाला साक्षीदार लागत नाही. तो स्वतःच साक्ष काढतो.

मी चाकाच्या नटांवर आणि ब्रेकचं ऑइल सोडायच्या मागच्या स्क्रूवर पांढऱ्या रंगाचे बारीक ठिपके लावले. कुणी पाना लावला तर ठिपका मोडणार. आणि जेवायला घरी गेलो — मुद्दाम.

परत आलो तर स्क्रूवरचा ठिपका मोडलेला. खाली जमिनीवर ऑइलचा ओला डाग.

मला आनंद झाला, हे सांगितलं पाहिजे. राग नंतर आला. आधी आनंद — की मी बरोबर होतो.

"तू हात लावलास?" मी विचारलं.

"व्हय," तो म्हणाला. लपवलं नाही त्यानं. "तू ऐकंना म्हणून बघितलं. जॅकवर घेऊन ब्रेक दाबला, सोडला, तरी चाक जाम. हितला स्क्रू ढिला केला, ऑइलची पिचकारी उडाली आन् चाक मोकळं फिरलं. नळीच हाय, दत्ता. खुदा कसम."

त्यानं पुरावाच हातात दिला होता. शिकाऊ माणसालाही कळला असता असा पुरावा. मला नाही कळला? की कळून घ्यायचा नव्हता? मी रस्त्यावरची माणसं ऐकतील अशा आवाजात म्हणालो, "बाईमाणसाच्या गाडीचा ब्रेक बिघडवतोस? जीव घ्यायचाय का तिचा?"

चहाच्या टपरीवरची चार माणसं उठून आली. त्यांतल्या कुणीही ब्रेक उघडलेला नव्हता. पण सगळ्यांना लगेच पटलं — इतकं लगेच, की मीच चपापलो. आणि खरं सांगायचं तर, पटणार हे मला बोलण्याआधीच ठाऊक होतं. त्यांना का पटतंय, हेही ठाऊक होतं.

युसुफनं हात पुसले, आपला पान्यांचा डबा उचलला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी एकट्यानं गाडी जॅकवर घेतली. ब्रेक दाबला, सोडला. चाक जाम. स्क्रू ढिला केला. मोकळं. मग नळी काढली, करवतीनं उभी कापली. आतलं रबर फुगून सुईला जागा उरली नव्हती.

अजून वेळ होता. सायकल काढून त्याच्या मोहल्ल्यात जायचं, एवढंच. दहा मिनिटांची वाट.

मी नळीचे दोन्ही तुकडे मागच्या पडक्या विहिरीत टाकले. नवी नळी बसवली. बाई आल्या, त्यांना म्हणालो, "त्यानं केलेलं सगळं निस्तरलं. आता तक्रार येणार नाही."

बाईंनी माझ्याकडं रोखून बघितलं. "युसुफनंच केलं? खात्री आहे तुमची?"

"खात्री आहे," मी म्हणालो.

गाडी परत कधी तापली नाही. म्हणजे माझं बोलणं खरं ठरलं — युसुफ गेला आणि ब्रेक सुधारला! शहरातल्या एकाही गॅरेजनं मग त्याला उभं केलं नाही.

सात-आठ वर्षांनी एका सोयरिकीच्या कामानं देवगाव रंगारीला गेलो होतो. एसटीची वाट बघत होतो, तर समोर स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करत बसलेला — युसुफ. त्यानंच हाक मारली. चहा मागवला. घरचं विचारलं. मला वाटलं, आता बोलेल. आता शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

तो हलक्या आवाजात म्हणाला, "दत्ता, एक पुसू? त्या बाईच्या गाडीचा ब्रेक आखरीला कशानं सुटला रं?"

त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. एका मिस्त्रीनं दुसऱ्याला विचारावं, तसं विचारत होता. इतकी वर्षं तेवढंच विचारायचं राहिलं होतं त्याचं.

"ड्रम," मी म्हणालो. "बारीक तडा होता. दिसत नव्हता."

हातातली स्टोव्हची पिन त्यानं डब्यात टाकली.

"मग माझीच गलती," तो म्हणाला. "मी तर नळी म्हणून कसम खाल्ली व्हती. शक व्हताच मनात, तवाच मोटारीचं काम सोडलं बघ. अंदाज चुकला की दुसऱ्याचा जीव जातुया."

एसटी आली. मी चढलो. चहाचा कप धरून तो खालीच उभा राहिला, गाडी हलली तसा हात वर केला. मीही केला.

तो वारल्याचं मला मागाहून, तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

नळीच होती. युसुफनं बरोबर ओळखलं होतं.